तो कान कुणाचा?

"ओ! उचला! आधी उचला ते!"

तो दचकला. काय उचलायचं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं दोन्ही हात वर केले.

"हात नव्हे हो… तो तुमचा पेटारा!"

पेटारा म्हणजे गिटारची लांबलचक काळी पेटी. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. वरच्या मजल्यावरच्या खोलीची किल्ली शोधायला त्याला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून जे पहिलं उघडं दार दिसलं त्यात तो शिरला आणि पाठीवरची पेटी त्यानं समोरच्या टेबलावर आडवी ठेवली. टेबलावर ओळीनं टी-शर्ट पसरलेले होते. नुकतेच छापलेले. ओले.

त्यानं पेटी उचलली, तर तिच्याबरोबर एक शर्टही उचलला गेला. दोघांनी मिळून तो सोलून काढला – हळूच, केळ्याची साल काढावी तसा – आणि मग दोघंही बघत राहिले. शर्टावरचा फिकट निळा नळ पार फराटला होता. आणि पेटीच्या काळ्या पाठीवर तस्साच एक नळ उमटला होता. तोटी उलट्या बाजूला, खाली एक टपोरा थेंब.

"नळाच्या कंपनीचे शर्ट आहेत हे," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आता हा कोण घालणार?"

"मी."

"आणि पेटीचं काय?"

त्यानं मान तिरकी करून पेटीकडे पाहिलं. "छान आलंय की."

"उलटं आलंय."

"नळ उलटा काय, सुलटा काय… पाणी खालीच पडणार ना?"

तिनं ओठ घट्ट दाबले. हसू आलं असतं तर सगळा राग वाया गेला असता.

"ठके, कोण आहे गं?" आतून मामानं विचारलं. वर्कशॉप मामाचं. भाची लहानपणी कापडाच्या बाहुलीएवढी होती म्हणून त्यानंच तिचं नाव ठकी ठेवलं होतं. बाहुली मोठी झाली, मामाच्या हाताखाली कपड्यांवरची छपाई शिकली, आता तर मामापेक्षा सफाईनं छापायला लागली. नाव मात्र तेवढंच राहिलं.

"मी वरचा," त्यानंच आत ऐकू जाईल असं सांगितलं. "आमचा बँड आहे. वरची खोली आजपासून आम्ही घेतलीय, सरावाला." मग तिच्याकडे वळून, जरा हळू, "मला उंट म्हणतात."

"तोंडावर?"

"तोंडावरच. मागं काय म्हणतात ते मला कसं कळणार?"

आता मात्र ती हसली. नाइलाजच होता.

*

उंट बास वाजवायचा. चार जाड तारांची ती गिटार – कानाला कमी ऐकू येते आणि छातीला जास्त. वरच्या खोलीत सराव सुरू झाला की खाली ठकीच्या शाईच्या डब्यात बारीक बारीक वर्तुळं उठायची. गाणारीचा आवाज, ढब्बूचे ड्रम, चौथ्याची गिटार, सगळं एकत्र खाली यायचं. पण ती वर्तुळं उंटाचीच, हे तिला थोड्याच दिवसांत कळायला लागलं. वर्तुळं थांबली की ती नकळत दाराकडे बघायची. कारण मग जिन्यावर लांब ढांगांचा आवाज व्हायचा आणि दारात वाकून, चौकटीला डोकं न आपटण्याची काळजी घेत, तो यायचा.

"पाणी मिळेल?"

"नळ तुमच्याच पेटीवर आहे."

तो तिच्या डाव्या हाताच्या स्टुलावर बसायचा. उजवीकडे सुकवायची मांडणी होती, समोर भिंत होती. बसायला जागा तेवढीच. हवा दमट असली की छपाई लवकर सुकत नाही, आणि ओल्या शर्टांना सोडून ठकीला हलता येत नाही. तेव्हा दुपारच्या दुपारी ती काम करत राहायची आणि तो बोलत राहायचा. ती त्याच्याकडे बघायची नाही. हात छपाईच्या जाळीदार स्क्रीनवर, नजर शाईवर. पण त्याचं एकही वाक्य तिच्या हातून निसटायचं नाही.

नळाची गोष्ट मात्र हाताबाहेर गेली. पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी ती पेटी पाहिली आणि पुढच्या कार्यक्रमाला पोरं ओरडायला लागली, "नळवाले आले! नळवाले!"

"आमच्या बँडचं नाव 'कानोसा' आहे," उंट कळवळून म्हणाला. "इतकं छान नाव! आणि लोक म्हणतात नळवाले."

"मग काय झालं? इतर बँडच्या खुणा काय मुहूर्त बघून ठरतात?"

हे विचारलं आणि ठकीनं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. कारण उंटाला जगातल्या सगळ्या बँडच्या खुणांच्या जन्मकथा पाठ होत्या. त्या जीभ बाहेर काढलेल्या लाल ओठांचं चित्र एका कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं केलं होतं म्हणे. दुसऱ्या एका बँडच्या गायकानं स्वतःच चित्र काढलं – तो चित्रकला शिकलेला होता – आणि त्यात चौघांच्या राशी घातल्या. दोघं सिंह राशीचे म्हणून दोन सिंह, एक कर्केचा म्हणून खेकडा, आणि स्वतः कन्या राशीचा म्हणून दोन पऱ्या.

"स्वतःला दोन पऱ्या?"

"चित्र काढणाऱ्याला तेवढी सूट असते."

"आणि ती कवटी? डोक्यात वीज असलेली? ती मी छापलीय कितीदा."

"ती तर पेट्यांसाठी. मोठ्या कार्यक्रमात सगळ्या बँडचं सामान एकाच ढिगात पडतं. आपल्या पेट्या लांबून ओळखू याव्यात म्हणून खूण काढली. तीच पुढं जगभर गेली."

ठकीचा हात थांबला. "म्हणजे… ढिगात आपलं माणूस ओळखू यावं म्हणून?"

"आपलं सामान," उंट म्हणाला.

"तेच म्हणतेय मी." तिनं घाईघाईनं स्क्रीन उचलली. पण गाल तापले होते, आणि ते शाईच्या वासानं तापले नव्हते.

मामा आतून सगळं ऐकत असायचा. एकदा चहा घेता घेता म्हणाला, "ठके, या मुलाला तहान फार लागते नाही?"

"उन्हाळा आहे मामा."

"हो ना. काल मी स्वेटर घालून होतो."

*

मग एक दिवस चौघंही जिना धडधडत खाली आले. एका मोठ्या बँडनं त्यांना बरोबर घेतलं होतं. शहरामागून शहरं, मोठ्या बँडच्या आधी रोज थोडा वेळ 'कानोसा' वाजवणार. पुढच्याच आठवड्यात निघायचं. विकायला शर्ट हवेत, शर्टांवर खूण हवी, आणि नळ नको.

"उंट काढेल," ढब्बू म्हणाला. "त्याचा हात चांगलाय. मनातलं सांगायला तोंड नाही चालत, हात चालतो."

सगळे हसले. ठकीही हसली. पण त्या क्षणी तिच्या मनात एकच गोष्ट खाली बसली, डब्याच्या तळाशी शाई बसते तशी: हा जाणार. आणि जाण्याआधी काही बोलणार का? तिनं स्वतः बोलावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. रोज यायचं. पण बोलून त्याला बांधून ठेवल्यासारखं झालं तर? निघालेल्या माणसाच्या पायात का यायचं? त्यानं विचारलं तर मात्र… त्यानं नुसतं अर्धं वाक्य विचारलं असतं तरी उरलेलं अर्धं तिनं पुरं केलं असतं.

दोन दिवस तो खाली आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला तो हातात एक कागद घेऊन, दारातच घुटमळत.

"हे बघ…"

ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं एक कान काढला होता. एकाच रेषेत, पेन न उचलता काढल्यासारखा. वरच्या पाळीला घसरता वळसा. कानामागं सारलेली केसांची एक बट, तिचं टोक पुन्हा पुढं आलेलं. झोपलेल्या बाळाच्या तोंडातून दुधाची बाटली काढताना हात जितका हलका होतो, तितक्या हलक्या हातानं काढलेलं चित्र.

"कानोसाचा कान!" ठकी म्हणाली. "वा! मस्त आहे."

तो तिच्याकडे बघत होता. खूप बघत होता.

"आवडला? म्हणजे… नीट बघ. तसाच ठेवावा वाटला तर तसाच छाप. आणि त्यातलं काही… काही नको वाटलं, तर काढून टाक. काही बोलायला नको. मला कळेल."

"बरं," ती म्हणाली. तिला वाटलं, चित्रकार लोक आपल्या चित्राबद्दल हळवे असतात, तसा हा हळवा झालाय. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती आणि वाट बघत होती, की आता चित्राचं संपवून हा दुसरं काही बोलेल. तो मात्र वळला आणि चौकटीला डोकं आपटून निघून गेला.

आता छपाईतली एक गोष्ट सांगायला हवी. चित्राचा कागद काचेवर ठेवून उजेडानं ते चित्र स्क्रीनच्या जाळीवर उतरवतात; त्या कागदावर किंवा काचेवर कुठं धुळीचा कण असला तर तोही स्क्रीनवर उतरतो. तिथं सुईच्या टोकाएवढं भोक राहतं, त्यातून शाई झिरपते आणि कापडावर नको तिथं ठिपका येतो. म्हणून छापण्याआधी स्क्रीन उजेडाकडे धरायची, असले ठिपके हुडकायचे आणि बारीक ब्रशनं एकेक बुजवायचा. या कामात ठकीचा हात धरणारं कुणी नव्हतं. मामा म्हणायचा, ठकीच्या तावडीतून ठिपका सुटला तर मी मिशा काढीन.

तिनं स्क्रीन उजेडाकडे धरली. कानाच्या कडेला, वरच्या वळणाच्या जरा मागं, एक ठिपका चमकत होता. तिनं मूळ कागद पाहिला. तिथंही होता. पेन टेकलं असणार, ती मनात म्हणाली, वेंधळा कुठला. आणि मायेनं, अगदी मायेनं, तिनं तो ठिपका बुजवून टाकला.

दुसऱ्या दिवशी उंट आला. तिनं पहिला शर्ट त्याच्यापुढं धरला. तो बघत राहिला. मग त्याचं बोट हळूहळू कानाच्या कडेशी गेलं.

"इथं… इथं एक ठिपका होता."

"होता ना! मी बुजवला."

"म्हणजे तुला दिसला?"

"दिसला म्हणजे? ठिपके बघणं हेच तर माझं काम!"

शाबासकी मिळेल म्हणून ती वर बघत होती. त्याचा चेहरा मात्र भरल्या ताटावरून उठावं लागलेल्या माणसासारखा झाला होता.

"बरं केलंस," तो म्हणाला. "सांगितलंस ते बरं केलंस."

त्या दुपारी शाईच्या डब्यात एकही वर्तुळ उठलं नाही.

निघायच्या सकाळी गाडी दारात उभी होती. तो आत आला, मामाला म्हणाला, "जातो मामा."

"जातो काय रे? येतो म्हणावं."

उंटानं नुसतं हसून पेटी पाठीवर टाकली. ठकीकडे त्यानं मान हलवली – अनोळखी माणसाला रस्ता विचारून झाल्यावर हलवतात, तशी. गाडी वळली, दिसेनाशी झाली, आणि ठकीच्या हातातला ब्रश तसाच राहिला… शाई वाळून खडखडीत.

*

वरची खोली चष्म्यांच्या दुकानानं गोदामाला घेतली. खोक्यांतले चष्मे काही वाजत नाहीत. ठकी शाई ढवळायची, डबा ठेवायची आणि उगीच त्याच्या तोंडाशी बघत राहायची. शाई इतकी निश्चल असते, हे तिला आधी कधी कळलंच नव्हतं.

आपलं काय चुकलं, हे तिला सापडत नव्हतं. सापडलं असतं तर भांडता आलं असतं, रडता आलं असतं. दोनदा तिनं त्याला फोनवर लिहायला घेतलं. 'कसा आहेस' लिहिलं, पुसलं. 'इकडे पाऊस आहे' लिहिलं. तेही पुसलं, पाऊस नव्हता.

आणि कान तर सगळीकडे दिसायला लागला. 'कानोसा'ची गाणी दुकानांतून ऐकू येऊ लागली तसा तो कान पोरांच्या दप्तरांवर आला, शटरांवर आला, भाजी घेताना पुढच्या बाईच्या दंडावर गोंदलेला दिसला. कडेला ठिपका नसलेला, तिच्या हातानं साफ केलेला कान.

"आपण छापलेला कान गावोगाव हिंडतोय," मामा म्हणायचा, "आणि आपण बसलोय इथं बनियनवर नंबर छापत."

हा कान आला कुठून, असं जो तो विचारायचा, आणि 'कानोसा'वाले दर वेळी नवी गोष्ट सांगायचे. गाणारी म्हणायची, आमच्या पहिल्या घरमालकाचा आहे, दिवसभर भिंतीला लावलेला असायचा. ढब्बू शपथेवर सांगायचा, की तो त्याच्या आजीचा. आजीला ऐकू येत नाही, तरी ती पहिल्या रांगेत बसते आणि 'जरा मोठ्यानं' म्हणते. एका विद्वानानं तर लांबलचक लेख लिहून हा मुळी कान नाहीच, प्रश्नचिन्ह आहे, असं सिद्ध केलं. उंटाला विचारलं की तो हसायचा आणि तारा जुळवायला लागायचा.

एकदा मामाच्या फोनवर त्यांचा कार्यक्रम बघताना ठकी पुढं वाकली. उंटाच्या गिटारवर कान रंगवलेला होता. हातानं, पांढऱ्या रंगात. आणि कडेला तो ठिपका होता.

"मामा, थांबव. मागं ने."

"काय झालं?"

"वेंधळ्यानं ठिपका तसाच ठेवलाय."

दुसऱ्या कार्यक्रमातही तो होता. तिसऱ्या फोटोतही. हातानं रंगवणारा माणूस धूळ कशाला रंगवेल? म्हणजे ठिपका मुद्दाम होता… मग तिला एकदम ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या चित्रातलं काहीतरी आपण न विचारता पुसलं होतं. पण एका ठिपक्यासाठी कुणी असं तुटून जातं? तिला कळेना. त्या ठिपक्यावर अंगठा ठेवून ती कितीतरी वेळ बसली. जणू तो त्याच्या हातचा निरोप होता आणि तिला तो वाचता येत नव्हता.

*

वहिनीचं घरातच पार्लर होतं. ती गेले कित्येक महिने ठकीच्या केसांच्या मागं लागली होती.

"वन्सं, तुमच्या केसांत शाईच्या गाठी झाल्यात. सोडवायच्या म्हणजे मला गणपतीएवढे हात हवेत. कापू द्या."

"काप," ठकी म्हणाली.

वहिनीचा कंगवा हातातच राहिला. "अगंबाई! विचार बदलायच्या आत बसा पटकन."

कात्री चालली. मानेवरचं ओझं उतरत गेलं. शेवटी वहिनीनं समोरचा मोठा आरसा पुसला, हातातला छोटा आरसा ठकीच्या मागं धरला आणि तो फिरवत म्हणाली, "बघा, मागून असं… आणि बाजूनं असं."

"थांब."

"काय हो? एका बाजूला जास्त कापले का?"

"वहिनी, आरसा हलवू नकोस."

समोरच्या आरशात, त्या छोट्या आरशातला, एक कान होता. वरच्या पाळीला घसरता वळसा. मागं सारलेली एक बट, तिचं टोक पुन्हा पुढं आलेलं. हा कान तिनं इतक्या वेळा छापला होता, की त्याच्या रेषा डोळ्यांपेक्षा तिच्या मनगटाला जास्त ओळखीच्या होत्या – इथं जरा दाब वाढवायचा, इथं हात सैल सोडायचा. आणि तो तिच्या स्वतःच्या डोक्याला होता. माणसाला स्वतःचा चेहरा रोज दिसतो. स्वतःचा कान बाजूनं कसा दिसतो, हे मात्र शेजारी बसणाऱ्यालाच माहीत असतं.

वळणाच्या जरा मागं एक काळा ठिपका होता.

"हे काय आहे?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"तीळ आहे की! माहीत नाही तुम्हाला? स्वतःचा तीळ?"

"कुणी सांगितलंच नाही."

"सदा केस सोडलेले. कामाला बसताना तेवढे वर बांधता. कोण बघणार?" वहिनी हसली. "बघणाऱ्यानं बघितला असेल हं, पण."

ठकीनं डोळे मिटले. डाव्या हाताचं स्टूल. दुपारच्या दुपारी. ती शाईकडे बघायची आणि तो… 'तसाच ठेवावा वाटला तर तसाच छाप. नको वाटलं तर काढून टाक. काही बोलायला नको. मला कळेल.'

त्यानं विचारलं होतं. तोंड चालत नाही, हात चालतो, त्या माणसानं हातानं विचारलं होतं. आणि तिनं ब्रश घेऊन, मायेनं, उत्तर देऊन टाकलं होतं. वर शाबासकीची वाट बघत उभीही राहिली होती!

"वन्सं? अहो, रडता कशाला? वाढतील केस!"

*

आता तर लिहिणं आणखीच अवघड झालं. काय लिहायचं? 'तो कान माझा आहे'? असे सांगणारे आता पुष्कळ निघाले होते. आणि एवढ्या दिवसांत त्याच्या स्टुलाशेजारी दुसरं कुणी बसलं नसेल कशावरून? दुसऱ्या कुणाचा कान, दुसरी कुठली बट? ती फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. रात्रंदिवस एकच इच्छा पोखरत राहायची: निदान त्याला एवढं तरी कळावं, की आपण नाही म्हटलं नव्हतं. बाकी काही नको. मग लगेच मन म्हणायचं, खोटं बोलतेस ठके. बाकी सगळं हवंय तुला.

तेवढ्यात 'कानोसा' परत आले. गावातल्याच मोठ्या मैदानावर कार्यक्रम. शर्टांचं काम मामाकडेच आलं. गाणारीनं स्वतः फोन केला. मामानं तर मिशांना पीळ भरला.

ठकीनं नवी स्क्रीन केली. उजेडाकडे धरली. कान स्वच्छ होता. एक ठिपका वाढवायला कितीसा वेळ लागणार होता? सगळ्या शर्टांवर तीळ उमटला असता, त्यानं पाहिला असता, त्याला कळलं असतं… तिनं पेन उचललं. मग खाली ठेवलं. चित्रातून विचारलं आणि चित्रातूनच उत्तर गेलं, त्याचं काय झालं ते दिसतच होतं. आता छापायचं नाही. आता बोलायचं.

ठरवणं सोपं होतं. प्रत्यक्षात त्या दुपारी शर्टांची चळत छातीशी धरून, चळतीवर हनुवटी टेकवून ती मैदानाच्या फाटकातून दोनदा मागं फिरली आणि तिसऱ्यांदा आत शिरली. मंचावर तारा, पेट्या, ठोकाठोक. एका कडेला चौघं बसले होते. त्यांच्यासमोर रेडिओवरची एक मुलगी माईक धरून उभी होती.

उंटानं ठकीला पाहिलं आणि तो अर्धवट उठला. पुन्हा बसला. "तुम्ही… तिथं ठेवा ते," म्हणाला.

तुम्ही. 'तू'चं 'तुम्ही' झालं होतं. ठेवावेत शर्ट आणि जावं, झालं. ती वळलीही.

"आता सगळ्यांना पडलेला प्रश्न," रेडिओवाली म्हणत होती. "हा कान नेमका कुणाचा?"

"माझ्या आजीचा!" ढब्बूनं सुरू केलं. "त्याचं काय झालं, आजीला ऐकू येत नाही…"

"तुमच्या आजीचं ऐकलंय आम्ही. चित्र यांनी काढलंय ना? यांना विचारते." माईक उंटापुढं गेला. "खरं सांगा. कान कुणाचा?"

उंट हसला नाही. तारा जुळवायला लागला नाही. तो खाली बघत राहिला, आणि ते बघणं ठकीला ओळखीचं वाटलं. शाईच्या डब्यात ती असंच बघायची.

"कुणाचा नाही," तो म्हणाला.

"माझा आहे."

आवाज शर्टांच्या मागून आला. सगळ्यांनी माना वळवल्या.

"काय?" रेडिओवाली म्हणाली.

"माझा आहे तो कान," ठकी म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "आणि त्याच्यावर तीळ आहे. मी तो… मला वाटलं धूळ आहे. आम्ही छपाईवाले, ठिपका दिसला की बुजवतो. मला माहीतच नव्हतं मला तीळ आहे. आत्ता आत्ता कळलं, केस कापले तेव्हा. मी माझा कान कधी पाहिलाच नव्हता!"

"अरेच्चा," ढब्बू म्हणाला. "म्हणजे आजी गेली वाटतं यातून."

गाणारीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

उंट उठून उभा राहिला होता. मग मंचाच्या कडेवरून उतरला आणि लांब ढांगा टाकत आला, पण जवळ येता येता त्या ढांगा लहान लहान होत गेल्या. आखूड केसांमुळे तिचे दोन्ही कान उघडे होते. तो डाव्या बाजूला उभा राहिला, जरासा वाकला आणि बघत राहिला. ठकीनं मान वळवली नाही. पण या वेळी तिचं लक्ष शाईकडे नव्हतं. त्याचा श्वास कानाच्या पाळीला लागत होता, आणि तिला वाटलं, कान इतका तापला असेल की दिसत असेल…

"एवढे दिवस मला वाटत होतं," तो अगदी हळू म्हणाला, "तू नाही म्हणालीस."

"नाही कशी म्हणेन? मला कुणी विचारलंच नव्हतं."

"विचारलं होतं."

"ठिपक्यानं? ठिपक्यानं विचारतात का रे कुणी?"

तो हसला. मग हसू थांबलं आणि चेहऱ्यावर तेच जुनं घुटमळणं आलं, दारातलं. मागं ढब्बू ओरडला, "उंटा, तोंडानं! तोंडानं बोल!"

"मग आता…" त्यानं घसा साफ केला. "आता विचारू?"

"आधी हे शर्ट धर," ठकी म्हणाली. "हात भरून आलेत माझे."

त्यानं शर्ट घेतले. चळतीवरून त्याचे फक्त डोळे दिसत होते.

आणि मग विचारलं.